सात ते दहा मालिका, जेवताना मोबाइल: लहान घरात मुलांचा स्क्रीन टाइम कसा आवरता?

भांडुपची_आई

नमस्कार मंडळी. इथे वाचते बरेच दिवस, लिहिते आहे पहिल्यांदाच.

भांडुप पश्चिमेला आमचं वन बीएचके आहे. मी, नवरा, सासूबाई, मुलगा सहा वर्षांचा (पहिलीत) आणि मुलगी अडीच वर्षांची. माझी नोकरी फोर्टला, घरी पोचायला सव्वासात होतात. नवरा सीप्झमध्ये, तो नऊच्या आसपास येतो. दिवसभर दोन्ही मुलं सासूबाईंकडे. त्या जेवढं करतात तेवढं माझ्या एकाही मैत्रिणीच्या घरी होत नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्यांच्या तक्रारी करायला हा धागा काढलेला नाही.

मुलगा दीडला शाळेतून येतो. मोबाइलवर काहीतरी लावल्याशिवाय जेवत नाही. मग थोडा वेळ कार्टून, थोडी झोप. संध्याकाळी सातला सासूबाईंच्या मालिका सुरू होतात त्या दहापर्यंत, आणि तेवढा वेळ हा त्यांचा फोन घेऊन बेडरूममध्ये. काढून घेतला की आदळआपट. परवा रिमोट फेकला तो धाकटीच्या कपाळाला लागता लागता राहिला. धाकटी घास तोंडात घेते तो इंग्रजी बडबडगीतं लावली तरच. गाण्यातले शब्द तिला स्पष्ट म्हणता येतात, पण पाणी हवं असेल तर माझा हात धरून माठाकडे ओढत नेते. तोंडाने मागत नाही.

मला विचारायचंय ते असं: या वयाला किती वेळ चालतो? टीव्ही आणि मोबाइल यात काही फरक असतो का? सासूबाईंना न दुखवता मालिकांचं काय करायचं? आणि शाळेचा अभ्यासच व्हॉट्सॲपवर येतो, तिथे फोन कसा टाळणार? बाहेर पाऊस धो धो, त्यामुळे "खाली खेळायला पाठवा" हा सल्ला निदान सप्टेंबरपर्यंत जमणारा नाही.

ज्यांनी घरात काही करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अकरावा_मजला

आम्ही टीव्ही काढूनच टाकला. मोठी दोन वर्षांची असताना दिला एका नातेवाइकांना. सुरुवातीला पाहुणे आले की विचित्र वाटायचं, आता घरात शांतता असते आणि मुली पुस्तकं घेऊन बसतात. विषय मुळातून संपवलेला बरा, असं माझं मत.

नाहूरचा_बाबा

मी तांत्रिक बाजू लिहितो, बाकीचं जाणकार लिहितील.

तुमच्याकडे खरी अडचण आजींचा फोन ही आहे. गुगलचं फॅमिली लिंक हे ॲप मुलाच्या स्वतःच्या खात्यावर चालतं. त्यात रोजची मर्यादा घालता येते, रात्री ठरावीक वेळेला फोन बंद करता येतो, नवीन ॲप टाकायला तुमची परवानगी लागते. पण आजींचं खातं मोठ्या माणसाचं आहे, त्यावर यातलं काही लागू होत नाही. म्हणून घरात एखादा जुना फोन पडला असेल तर त्यात मुलाच्या नावाने खातं उघडा, त्याचं सिम काढून टाका आणि बघायचंच असेल तेव्हा तेवढाच फोन द्या. आजींच्या फोनला पिन घाला. मुलाला ती कळली की बदला. तो बघून बघून शिकतोच.

यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स ठेवा. त्यात तुम्ही मंजूर केलेले व्हिडिओ आणि चॅनेलच दिसतील अशी सोय आहे. ती चालू केली की शोधायची जागाच बंद होते. टायमरही आहे, वेळ संपली की ॲप स्वतःच कुलूप लावतं. आई ओरडली म्हणून बंद झालं असं मुलाला वाटत नाही, हा आमच्या घरी मोठा फायदा झाला.

साध्या यूट्यूबवर आणि नेटफ्लिक्सवर पुढचं आपोआप सुरू होणं बंद करा. हे एक बटण सगळ्यात आधी. एक भाग संपून पडदा थांबला तर मूल मान वर करून बघतं तरी. थांबलाच नाही तर त्याने कुठे उठायचं? सेट-टॉप बॉक्सलाही चॅनेल लॉक असतो, त्याचा पिन मुद्दाम बदलून घ्या, मूळचा सगळ्यांना माहीत असतो.

परळची_काकू

भांडुपची_आई, तुला अगं-तुगं करते, माझ्या लेकीच्या वयाची असशील.

परळला तळमजल्यावर माझं पाळणाघर आहे. केईएम, वाडिया, टाटा या इस्पितळांतल्या नर्सबाईंची मुलं माझ्याकडे जास्त. त्यांच्या ड्यूट्या पाळीच्या, त्यामुळे काही पोरं पहाटे झोपेतच खांद्यावरून येतात, काही दुपारी. लहान घर, थकलेले आईबाप, घरात एक म्हातारं माणूस आणि भिंतीवर टीव्ही, हे तू लिहिलंयस ते घर मी रोज बघते. म्हणून मनापासून लिहितेय, लांबलं तर वाचून घे.

सगळ्यात आधी धाकटीचं. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत दोन शब्द जोडायला लागतं. "आई दे", "बाबा गेला", "पाणी पायजे". अडीच वर्षांची मुलगी गाणं पाठ म्हणते आणि पाणी मात्र हात ओढून मागते, हे डॉक्टरांना दाखवायला हवं. घाबरू नकोस, पण थांबूही नकोस. "याचा बाबाही उशिराच बोलला होता" हे वाक्य घरोघरी असतं आणि त्यात चांगले महिने निघून जातात. आधी कानाची तपासणी करतात, मग बोलण्याची आणि एकूण वाढीची. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवणाचंच काम करते, तिथे या तपासण्या होतात. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घेऊन जा. मोबाइलमुळेच झालंय असं मी म्हणत नाही, ते तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पण मोबाइल कमी करणं आणि तपासणी ही दोन्ही कामं एकाच वेळी सुरू कर. "आधी मोबाइल बंद करून बघू, मग डॉक्टर" असं नको.

आता किती वेळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. दोन ते चार वयाला दिवसात जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी झाला तर उत्तम. आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स, तीही जवळपास हेच सांगते: दोन वर्षांखाली नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडून काही नाही, दोन ते पाचला एक तास, पाच ते दहाला दोन तासांच्या आत. म्हणजे तुझ्या मुलाला दोन तासांच्या आत, मुलीला एक.

पण तुझ्या मुलीचा तास मोजणार कुठून? तिच्यासाठी कुणी टीव्ही लावलेला नसतो आणि तरी सात ते दहा ती त्याच खोलीत असते. मालिका आजी बघतात, आवाज ती ऐकते. नुसता मागे चालू असलेला टीव्हीही लहान मुलांना बाधतो, यावर चांगला अभ्यास झालेला आहे. खेळणं हातात असलेलं मूल आवाज झाला की वर बघतं, परत खेळण्याकडे वळतं, पुन्हा वर बघतं. एका खेळात रमून राहण्याचा वेळ कमी होतो. आणि टीव्ही चालू असला की घरातली मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात. हे दुसरं मला जास्त लागतं. मूल बोलायला शिकतं ते आपण त्याच्याकडे बघून बोललेल्या बोलण्यातून. "बघ, पातेल्यात काय शिजतंय? वरण. वाफ आली बघ." त्याने "वाफ" म्हटलं की आपण "हो, गरम वाफ" म्हणतो. गाण्यातली बाई त्याचं काही ऐकत नाही, ते काय म्हणालं त्यावर तिला उत्तर देता येत नाही. गावाकडच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो तो याचसाठी, आजोबा उत्तर देतात.

अकरावा_मजला यांनी टीव्ही काढला, त्यांना ते जमलं, आनंद आहे. तुझ्या घरात मात्र काढू नकोस असं माझं स्पष्ट मत. तुझ्याकडे टीव्ही गेला तर त्या जागी फोन येईल, आणि फोन त्याहून वाईट. टीव्ही भिंतीवर असतो, पोळ्या लाटतानाही काय चाललंय ते तुला ऐकू येतं, डोळ्यांपासून लांब असतो, दोघं भावंडं शेजारी बसून बघतात आणि एकमेकांना काहीतरी सांगत असतात. फोन घेऊन पोर बेडरूममध्ये जातं, मग ते काय बघतं हे त्यालाही नंतर सांगता येत नाही. त्यातही ते मिनिटा-मिनिटाचे व्हिडिओ, एकाला दुसऱ्याचा संबंध नाही, गोष्ट नाही, शेवट नाही. माझ्याकडच्या मुलांना मी "काल काय बघितलंस?" विचारते. टीव्हीवर कार्टून बघून आलेलं मूल गोष्ट सांगतं, कोण पडलं, कोण पळालं. फोनवर तासभर सरकवत बसलेलं मूल "माहीत नाही" म्हणतं. त्यामुळे मुलाला जे काही बघायचं ते हॉलमधल्या टीव्हीवर, फोन हातात नाही, एवढा एकच नियम केलास तरी अर्धं काम होईल.

सगळं एकदम बदलायला जाऊ नकोस. आधी जेवण घे. बाकी सगळं तसंच चालू दे, सासूबाईंच्या मालिकासुद्धा.

शनिवारी सुरू कर, तू घरी असशील तेव्हा. खाली चटई घाल, दोघांना ताटं, तुझं ताट शेजारी. ताटात नेहमीच्या निम्मं वाढ. वरण-भात, तूप, लिंबू, जे आवडतं ते. फोन कुणाचाच जवळ नको, तुझाही. सुरुवातीला दोघंही कमी खातील आणि सासूबाईंचा जीव तुटेल. तेव्हा ठाम राहा. पडद्यात डोळे असलेल्या मुलाला पोट भरलं हे कळत नाही, चव कळत नाही, चावायचंही राहतं. तोंडात घास धरून बसलेली मुलं मी किती बघितली! धडधाकट मूल जरा कमी जेवलं तर पुढच्या वेळेला भूक लागते आणि खातं. मागे वाटी घेऊन फिरायचं नाही, पंधरा-वीस मिनिटांनी ताट उचलायचं, रागावायचं नाही. (वजन आधीच कमी असेल किंवा काही आजार असेल तर डॉक्टरांना विचारून.) धाकटीला हाताने खाऊ दे, अर्धं सांडेल. हात भाताने भरलेले असले की तिला दुसरं काही सुचत नाही.

जेवण बसलं की झोप. रात्री झोपायच्या आधीचा एक तास पडदा नको. डोळ्यांवर येणाऱ्या उजेडाने शरीरातलं झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं, आणि लहान मुलांना हा उजेड मोठ्यांपेक्षा जास्त जाणवतो. सहा वर्षांच्या मुलाला रात्रीची नऊ तास तरी झोप पाहिजेच, जास्त मिळाली तर चांगलंच. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा आपल्या शालेय शिक्षण विभागाचा २०२४चा आदेश आहे, तोही मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच निघाला. तुझ्या मुलाची शाळा किती वाजता भरते ते तू लिहिलं नाहीस, पण दीडला तो घरी येतो म्हणजे सकाळचीच आहे. दहापर्यंत तीन जणांचा आवाज असलेल्या घरात त्याला झोप लागते कधी?

आणि आता आदळआपट. ती होते कारण आपण मध्येच बंद करतो. चांगली रंगलेली मालिका कुणी मध्येच बंद केली तर सासूबाई गप्प बसतील का? भाग संपला की बंद, हे आधी सांगायचं, आणि भाग संपताना त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. काय झालं, हा कोण, असं एखादं विचारायचं. मग बंद. पण त्याही आधी एक गोष्ट करायची, आणि या सगळ्यातलं मला जर एकच सांगायचं असेल तर ते हे: बंद केल्यावर मुलाने काय करायचं ते बंद करण्याआधी तयार ठेवायचं. नुसतं "जा, खेळ" म्हणून भागत नाही. पंख्याखाली रिकाम्या हाताने उभं राहिलेलं मूल पाच मिनिटांत परत रिमोटकडे जाणारच. माझ्याकडे टीव्ही दुपारी चार ते साडेचार असतो आणि चार वाजताच मी पुढचं मांडून ठेवते. मटार सोलायचे, शेंगा फोडायच्या, मळलेल्या कणकेचा एकेक गोळा, मसूर आणि तांदूळ मिसळलेली परात निवडायला. टीव्ही बंद झाला की तिथे बसायचं. कणकेवर तर भांडणं होतात. तुझ्याकडे सव्वासातला तू येतेस, तुला पोळ्या करायच्याच असतात. त्या दोघांना स्वयंपाकघरातच बसव. तुझ्या पोळ्या उशिरा होतील, वाकड्या होतील, होऊ देत.

चष्म्याचा_नंबर

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दादरला एका डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. काकूंनी टीव्ही आणि फोनमधला फरक लिहिला तो डोळ्यांच्या बाजूनेही बरोबर आहे. फोन मूल चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरतं, झोपून तर आणखी जवळ. इतक्या जवळ एकटक बघताना डोळ्यांवर ताण येतो, पापणी कमी लवते, डोळे कोरडे पडतात आणि मुलं चोळत बसतात.

लघुदृष्टी, म्हणजे लांबचं अस्पष्ट दिसण्याचा नंबर, पहिली-दुसरीच्या मुलांना लागलेला आता सर्रास बघते. त्यात घराण्याचा भाग असतो. पण दिवसाच्या उजेडात बाहेर घालवलेला वेळ नंबर लागण्यापासून बऱ्यापैकी वाचवतो, हे आता पक्कं झालं आहे. बाहेरच्या प्रखर उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामीन नावाचं रसायन स्रवतं आणि त्यामुळे बुबुळामागचा डोळा लांबट वाढण्याला आळा बसतो, असं समजतात. तैवानमध्ये २०१० पासून शाळांतल्या मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याचा कार्यक्रमच चालवला. आणि पावसाळ्यातलं ढगाळ आभाळसुद्धा आपल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उजेड देतं. त्यामुळे पाऊस थांबलेला अर्धा तास मिळाला तरी मुलाला गच्चीवर, फाटकापाशी, कुठेही आभाळाखाली न्या. ऊन असायलाच हवं असं नाही.

अभ्यासाला किंवा कशालाही जवळून बघावं लागलं तर दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं. मुलांना हा नियम लक्षात राहत नाही, म्हणून "खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीत कुणाचे कपडे वाळत आहेत ते सांग" असं म्हणायचं. आणि पहिलीत आहे तर एकदा डोळे तपासून घ्या. मूल स्वतः होऊन "दिसत नाही" म्हणत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं.

नातवंडांची_आजी

मी गिरगावातली. दोन नातवंडं माझ्या ताब्यात असतात, सूनबाई कामावर जाते. आजीच्या बाजूने कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते.

सकाळपासून मुलांना न्हाऊ-माखू घालायचं, शाळेच्या बसला सोडायचं, आणायचं, भरवायचं. धाकटं अंगावर येऊन लोळत असतं, गुडघे दुखत असतात. फोन दिला की अर्धा तास पाठ टेकता येते. हे कुणी आळसाने करत नाही. संध्याकाळी सातला सून आली की मला वाटतं, आता माझी वेळ. मालिकेतली माणसं रोजची ओळखीची झालेली असतात. ती तेवढी एकच गोष्ट दिवसभरात माझ्यासाठी असते. तीच बंद करा म्हटलं तर वाईट वाटणारच.

आमच्याकडे काय केलं ते सांगते. सूनबाई माझ्याशेजारी येऊन बसली आणि विचारलं, "आई, यातल्या तुमच्या खऱ्या आवडीच्या कोणत्या?" खरं सांगायचं तर दोनच होत्या. बाकीच्या नुसत्या लागोपाठ येतात म्हणून बघितल्या जायच्या. त्या दोन मी आता दुसऱ्या दिवशी दुपारी बघते, मुलं शाळेत असताना. पुन्हा दाखवतात, नाहीतर ॲपवर असतातच. मुलाने मला कानात घालायचे हेडफोन आणून दिले आणि लावायला शिकवलं. त्या वेळी फोन वाजला तरी मी उचलत नाही. आणि संध्याकाळी साडेसात ते साडेआठ सूनबाई मुलांना घेते तेव्हा मी खाली देवळात जाऊन येते, बायकांशी बोलणं होतं. मला ते मालिकेपेक्षा आवडायला लागलंय.

तुमच्या सासूबाईंना मुलांचं नुकसान होतंय असं सांगू नका, त्यांना ते त्यांच्यावर ठपका ठेवल्यासारखं वाटेल. त्यांना विश्रांती कधी हवी ते विचारा आणि ती वेळ त्यांना द्या. आणि धाकटीला डॉक्टरांकडे नेताना त्यांना बरोबर न्या. डॉक्टरांनी सांगितलेलं त्या स्वतः ऐकतील.

कडेगावचा

माझं गाव सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात. आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाबद्दल पेपरात वाचलं असेल. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला परत भोंगा. मधल्या दीड तासात मुलं अभ्यास करतात, वाचतात, मोठी माणसं गप्पा मारतात. सुरुवातीला लोक ऐकत नव्हते, मग ग्रामपंचायतीची माणसं, शिक्षक, आशाताई घरोघर जाऊन सांगायला लागले.

आता मी घाटकोपरला राहतो, मुंबईत भोंगा कोण वाजवणार? पण त्यातली एक गोष्ट मी उचलली. तिथे सगळ्यांचं एकाच वेळी बंद होतं. फक्त मुलाचा पडदा बंद आणि बापाचा चालू असेल तर मुलाला ती शिक्षा वाटते. मी ऑफिसातून आलो की फोन दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवतो, जेवणं होईपर्यंत उचलत नाही. ऑफिसला सांगून ठेवलंय, काही अडलं तर फोन करा, मेसेज बघणार नाही.

भांडुपची_आई

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू? काकू, तुमचं लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं. आजी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "दुपारी दोघं झोपली की मला तास दीड तास मिळतो, तेव्हा बघीन." नवरा हेडफोन आणतोय. तोही फोन दाराजवळ ठेवायला तयार झाला आहे. धाकटीसाठी आमच्या डॉक्टरांशी बोललो, त्यांनी कानाची तपासणी लिहून दिली, पुढच्या आठवड्यात जातोय.

जेवणाचा पहिला शनिवार कठीण गेला. मुलगा ताटावरून उठून गेला आणि संध्याकाळी पाचला स्वतःहून पोळी-गूळ मागून खाल्ला. धाकटी खूप रडली, मग भात कालवत बसली. सुरू केलंय ते सोडणार नाही.

दोन गोष्टी राहिल्या. व्हॉट्सॲपवरच्या अभ्यासाचं काय करू? आणि पावसात साडेसात ते नऊ हा वेळ खरंच मोठा वाटतो. रोज कणीक तरी किती देणार?

परळची_काकू

छान वाटलं वाचून. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

अभ्यासाचं सोपं आहे. ग्रुपवर आलेला फोटो तू लोकलमध्येच बघ आणि घरी आल्यावर पाटीवर किंवा वहीत हाताने उतरवून दे. पहिलीचा अभ्यास असतो तो किती? पाच ओळी आणि दहा गणितं. छापलेला कागदच हवा असेल तर खालच्या स्टेशनरीवाल्याकडून प्रिंट काढून आण. मुलाच्या हातात फोन द्यायची गरज पडत नाही. पालकसभेत बाईंना विचारून बघ, मुलांच्या डायरीत लिहून देता येईल का. तुझ्यासारखं वाटणारे आणखी चार पालक निघतील, ते आधी बोलत नाहीत एवढंच.

कणीक रोज नको. पावसाळ्यात माझ्याकडे सागरगोटे, काचापाणी, पत्ते, सापशिडी असतं. सहा वर्षांच्या मुलाला पत्त्यांत पाच-तीन-दोन येणार नाही, पण भिकार-सावकार येतं आणि आकडे पक्के होतात. तुझा मुलगा मध्य रेल्वेवरचा आहे, त्याला स्टेशनं पाठ करायला लाव. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर, असं एकेक करत पार भांडुप, नाहूर, मुलुंडपर्यंत. मग खुर्च्या लावून लोकल. तो गार्ड, धाकटी प्रवासी. "पुढील स्टेशन" ती म्हणायला लागेल बघ. वाचायला बालभारतीचं किशोर मासिक आहे, १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. चार पानं छापून घे आणि झोपताना तू वाचून दाखव, फोनवरून नाही. रविवारी पाऊस असला तरी वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये छपराखाली अर्धा दिवस जातो, आणि उघडीप असेल तर राणीची बाग. मुलांना पेंग्विन बघून कंटाळा आला तरी ती झाडांखाली पळतात.

आणखी एक कर. तुमच्या मजल्यावर किंवा वरखाली मुलं असतीलच. त्यांच्या आयांशी बोल. रोज पाऊण तास, साडेसात ते सव्वाआठ, सगळ्यांची मुलं जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये नाहीतर खालच्या पार्किंगमध्ये, आणि एकेका दिवशी एकेका घरचं मोठं माणूस बरोबर. घरात किती समजावलं तरी मूल एकटं खाली जात नाही. चार मुलांचा आवाज जिन्यातून आला की न सांगता पळतं. सुरुवात एखाद्या तिसरी-चौथीतल्या मुलीपासून कर, ती खेळ लावते आणि धाकट्यांना सांभाळून घेते. सोसायटीत कुणी आवाजाची तक्रार करेल, तर आधीच सेक्रेटरींना वेळ सांगून ठेव.

धाकटीच्या तपासणीला जाताना तिची झोप आणि खाणं झालेलं असू दे, रडवेलं मूल नीट प्रतिसाद देत नाही. आणि तोपर्यंत एका कागदावर ती स्वतःहून, गाण्याबाहेर, कोणते शब्द वापरते ते लिहीत जा. कशासाठी वापरते तेही शेजारी लिही. सासूबाईंनाही लिहायला सांग, दिवसा त्याच तिच्याजवळ असतात आणि तू नसताना बोललेले शब्द त्यांनाच माहीत असतील.